तिकिटं काढली आहेत, आता नाही म्हणू नका

लिमरिक, आयर्लंड, मार्च

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर तुम्ही इकडे येण्याचा विषय काढला की आई फोन बाबांकडे देते आणि बाबा "बघू पुढच्या वर्षी" म्हणून पाऊसपाण्यावर येतात. म्हणून लिहूनच कळवते. तुमची तिकिटं काढली आहेत. मे अखेरीला निघायचं, जुलैच्या सुरुवातीला परत. दादाला माहीत आहे. त्याच्यावर चिडू नका, हे सगळं माझं आहे.

दुसरी गोष्ट याच्याच पोटातली. यंदा गणपतीला मी येत नाही. रजा होती ती सगळी जूनला लावली, तुम्ही इथे असताना मी ऑफिसात बसण्यात काय अर्थ? आणि खरं सांगा, गणपतीत आपण बोलतो किती? निम्मा वेळ आल्यागेल्याच्या चहात जातो, उरलेला भांडी विसळण्यात. आई, वहिनी माझ्यापेक्षा सुबक मोदक वळते हे गेल्या वर्षी चारचौघांत तूच म्हणालीस. बाप्पाचं काही अडणार नाही. तुझं अडेल, कळतं मला. पण बाबांच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले तेही मला कळलंय. ऑपरेशन दिवाळीनंतर, मग पुढचे काही महिने व्यायाम आणि घर. काठी घेऊन का होईना, पाय चालताहेत तोवर हिंडून घेऊ. आपलं "पुढच्या वर्षी" किती वर्षं चाललंय ते मी मोजत नाही.

किलार्नीला, इथल्या तळ्यांच्या गावाला, आम्ही मागे गेलो तेव्हा मी निम्मा वेळ पायऱ्याच बघत होते. इथे बाबा उतरतील का, इथे बाक आहे का. जावई वैतागले, पण तुमचा सगळा कार्यक्रम त्यातून तयार झालाय.

बाबा, पाणी बघून तुम्ही पहिलं विचाराल, "भिंत कुठाय?" भिंत नाही. हिमनद्यांनी कोरलेली तळी आहेत, तीन, एकमेकांना जोडलेली. तुमच्या पाटबंधारे खात्याने हात न लावताही पाणी साठतं हे तुम्हाला पचायला जड जाईल. मोठं ते लॉख लीन (लॉख म्हणजे तळं), मधलं मक्रॉस, तिसरं वरचं, डोंगरात शिरलेलं. मक्रॉस पंचाहत्तर मीटरच्या आसपास खोल, देशात सगळ्यांत खोल म्हणतात. हा सगळा परिसर म्हणजे इथलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९३२ सालचं. मक्रॉसच्या बागेत गाडी नेता येत नाही, पण टांगे आहेत. टांगेवाल्याला इथे जार्वी म्हणतात. तो पायांवर घोंगडी टाकतो आणि तळ्याच्या काठाने गोष्टी सांगत नेतो. त्यातल्या निम्म्या थापा असाव्यात. टॉर्क धबधबा रस्त्यापासून पाच-दहा मिनिटांवर आहे. साधारण वीस मीटरचा, भंडारदऱ्याचा रंधा धबधबा बघितलेल्यांनी नाक मुरडायचं नाही.

आई, मालवणची असून तुला होडी लागते, म्हणून तुझ्यासाठी रॉस किल्ल्याच्या धक्क्यावरची काचेच्या छपराची मोठी बोट ठरवली आहे. तासाभरात परत आणते, वारा लागत नाही. खिडकीतूनच इनिसफॉलन बेट दिसतं. तिथल्या मठातल्या साधूंनी आयर्लंडची बखर लिहून ठेवली. मठ आता पडका आहे. डनलोच्या खिंडीपलीकडून तिन्ही तळी पार करणारी उघडी होडी वेगळी. बाबांना तीच हवी असणार. पण जुन्या पुलाखाली पाणी कमी असलं तर सगळ्यांना उतरवून काठाने चालायला लावतात, म्हणून ती यादीतून काढली. ऑपरेशननंतर बघू. हो, आता मी "बघू" म्हणतेय.

त्याऐवजी बाबांसाठी किलालो. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. शॅनन नदी तिथे लॉख डर्ग या लांबलचक तळ्यातून बाहेर पडते आणि पुढे कालव्याने आर्डनाक्रुशाच्या वीजघराला जाते. १९२५ ते २९ या काळात सीमेन्सने बांधलं, म्हणजे आपला भंडारदरा पुरा होत होता त्याच सुमाराचं. सगळ्या देशाला वीज देण्याची सुरुवात त्यातून झाली आणि सामन माशांची वाट त्यानेच अडवली, दोन्ही खरं. तिथे तुम्ही कितीही वेळ उभे राहा, मी घाई करणार नाही. तुमची नात या तळ्यात कायाक वल्हवायला शिकते. लाइफ जॅकेट असतं, शिकवणारी ताई शेजारीच असते. आई, काठावरून ओरडायचं नाही.

बाबा, भंडारदऱ्याला रंध्याच्या कठड्यापाशी तुम्ही मला पुढे होऊन बघू द्यायचात आणि मागून फ्रॉकचा पट्टा घट्ट धरून ठेवायचात. क्वार्टरवर परतल्यावर आई माझे ओले मोजे चुलीच्या कडेला वाळत घालायची, त्यांना धुराचा वास यायचा. इथे मुलीचे मोजे रेडिएटरवर टाकताना मी ते हुंगून बघते. वेडेपणा आहे. पण बोटीत चढताना मी मागून तुमचा शर्ट धरणार आहे, लोकांसमोर झटकायचं नाही.

राहण्याची काळजी करू नका. तुमची खोली खालीच आहे, बाथरूम लागून, धरायला दांडा बसवून घेतलाय, जेट स्प्रेसुद्धा. कुकर आहे, आंबेमोहोर मिळतो. चहा इथले लोकही दूध घालून कडक पितात. शनिवारी मिल्क मार्केटात ताजा बांगडा असतो, आपल्यापेक्षा थोडा तेलकट. साप या देशात नाहीतच, आई, बिनधास्त चाल. फक्त गवतातून आलो की पायाला गोचीड बघायची, म्हणून पॅंट मोज्यात खोचायची. हसलात तरी खोचायची. जूनमध्ये सूर्य रात्री दहाला मावळतो. दिवेलागणीची वाट बघत जेवायचं थांबशील तर उपाशी राहशील. दिवा सातला लाव, देवाला चालतं.

आता मुकाट्याने करायच्या गोष्टी. आयर्लंडचा व्हिसा वेगळा असतो, शेंगेनचा चालत नाही. दादा मुंबईला घेऊन जाईल, बाबांनी पेन्शनचे कागद काढून ठेवावेत. औषधं पाकिटांसकट, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. गोळ्या सुट्या करून डबीत भरायच्या नाहीत. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे. बाबा, तिच्यात बसायचं. "मी काय म्हातारा आहे का" हे तिथल्या मुलाला ऐकवायचं नाही. जाड विंडचीटर घ्या, छत्री नको, वाऱ्यात उलटते. बीपीची गोळी कुणाकुणाची राहते ते मला माहीत आहे. आई, तूप, पेढे, खव्याचं काहीही आणू नकोस, दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत. इथल्या लोण्याचं तूप रवाळ होतं, तूच कढवून बघ.

तुमची,
छोटी

ता. क. बाबा, दुर्बीण मात्र आणा. कपाटात वरच्या खणात, नकाशांच्या मागे आहे. किलार्नीत पांढऱ्या शेपटीचे गरुड परत वसवलेत, २००७ पासून नॉर्वेहून पिल्लं आणून. मला अजून एकही दिसलेला नाही.