यंत्राची किंमत आणि बसवण्याचा खर्च

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली दोन्ही कोटेशनं काल रात्री सावकाश वाचली. काकूंचे गुडघे थंडीत आखडतात आणि उन्हाळ्यात वरच्या खोलीत मुलांना बसवत नाही, म्हणून गरम-थंड दोन्ही करणारे स्प्लिट एसी घ्यायचं तू ठरवलंस, ते अगदी योग्य केलंस. पण ‘यंत्र एकाच कंपनीचं, मग स्वस्तवाल्यालाच काम देऊन टाकू ना?’ हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. माझी सगळी नोकरी याच कामात गेली. यंत्र सहसा दगा देत नाही, जोडणी दगा देते. तिथले पैसे तू वाचवू नयेस असं मला मनापासून वाटतं.

दोन्ही कागद शेजारी ठेवून बघ. स्वस्त कोटेशनमध्ये बसवण्याची एकच ठोक रक्कम आहे. महाग कोटेशनमध्ये तांब्याच्या पाइपची लांबी आणि जाडी, बोर्डापासूनची वेगळी वायर, एमसीबी (जादा प्रवाह आला की बंद पडणारा स्विच), भिंतीचं कोअर कटिंग म्हणजे पाइपासाठी गोल भोक, आउटडोअरचा म्हणजे घराबाहेर बसणाऱ्या भागाचा स्टँड, ड्रेन पाइप असं सगळं सुटं मांडलंय. पहिला माणूस लबाड आहे असं मी म्हणत नाही. पण तुझं आउटडोअर भिंतीच्या पलीकडेच बसणार असं धरून त्याने रक्कम लिहिली असावी. ते तर गच्चीवर जाणार! आउटडोअरमध्ये कंपनीने ठरावीक लांबीच्या पाइपापुरताच गॅस भरलेला असतो. पाइप त्याहून लांबला, की प्रत्येक जादा मीटरमागे कंपनीने सांगितलेले तेवढे ग्रॅम गॅस वजनकाट्यावर मोजून भरावा लागतो. म्हणजे तांबं वाढलं, पाइपावरचं इन्सुलेशन वाढलं, गॅस वाढला. काम अर्ध्यावर आल्यावर ही बेरीज तुझ्यासमोर येईल आणि तेव्हा तुला नाही म्हणता येणार नाही.

आता जे कुठल्याच कोटेशनमध्ये ठळक लिहिलेलं नसतं ते सांगतो. पाइप जोडून झाले की आत हवा असते आणि हवेबरोबर बाष्प. ते व्हॅक्यूम पंपाने ओढून काढायचं असतं. दाब इतका खाली न्यायचा, की आतलं पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जाईल. चांगला माणूस दाब मोजणारा मीटर लावून तो ५०० मायक्रॉनच्या (इथे हे अगदी कमी दाब मोजायचं एकक) खाली नेतो, पंप बंद करतो आणि आकडा परत चढतो का ते बघत थांबतो. घाईतला माणूस पंप आणतच नाही. आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतो आणि पाच मिनिटांत मोकळा होतो. मागे राहिलेलं बाष्प कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून आम्ल तयार करतं आणि ते आतल्या मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन हळूहळू खातं. पहिल्या वर्षी काहीच कळत नाही. नंतर कॉम्प्रेसर जातो, आणि सगळ्या यंत्रातला सर्वांत महाग भाग तोच. शिवाय आता बऱ्याच यंत्रांत आर-३२ गॅस असतो. जुन्या आर-४१०एपेक्षा तो वातावरणाला बराच कमी घातक आहे, पण थोडा ज्वलनशीलही आहे. तो खोलीत सोडणं धोक्याचं.

पाइपाच्या टोकाला जी तुतारीसारखी फ्लेअर करतात, तिथेही तेच. नट कमी आवळला तर गळती, जास्त आवळला तर तांबं चिरतं, म्हणून ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क रेंच हवा. जोडल्यावर नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते तपासायला हवं. या कामाला वेळ लागतो आणि दोन कोटेशनमधला बराचसा फरक त्याच वेळेचा आहे. स्टँड, रबर पॅड, टेप हे किरकोळ. त्यात घासाघीस करायची तर खुशाल कर.

टनाबद्दलही तू विचारलंस. १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं एकक), साधारण ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची ताकद. ‘मोठाच घेऊन टाक’ हा सल्ला ऐकू नकोस. गरजेपेक्षा मोठं यंत्र खोली पटकन गार करून थांबतं, पुन्हा सुरू होतं, आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो. खालच्या सावलीतल्या खोलीला आणि वरच्या पश्चिमेच्या खोलीला, आकार सारखा असला तरी, टन सारखे लागत नाहीत. वरच्या स्लॅबवर आधी उष्णतारोधक थर दे आणि खिडक्यांच्या फटी बुजव. त्या खर्चाने यंत्र लहान लागेल आणि बिलही दर महिन्याला कमी येईल.

एकाच आउटडोअरवर तीन खोल्यांतले तीन इनडोअर चालवणाऱ्या मल्टी-स्प्लिटचा मोह मला तुझ्यासाठी नको वाटतो. बाहेर जागा कमी असेल तर तो बरा. पण तुझ्याकडे गच्ची मोकळी आहे, आणि ते एक आउटडोअर बंद पडलं की तिन्ही खोल्या बंद. शिवाय एकट्या काकूंच्या खोलीसाठी मोठा कॉम्प्रेसर चालवावा लागेल. दोन वेगळे स्प्लिट आता घे, तिसऱ्याचं पुढे बघू. मात्र तिसऱ्याची वायर आणि भिंतीतलं भोक रंगकामाआधीच करून ठेव.

सेंट्रल एसीचा विचार सोडलास तेही बरं झालं. बांधून झालेल्या घरात डक्टसाठी, म्हणजे हवा खोल्याखोल्यांत नेणाऱ्या रुंद नळ्यांसाठी, छत खाली घ्यावं लागतं, फोडाफोड होते, आणि डक्ट तापलेल्या पोटमाळ्यातून गेले तर वाटेतच बरीच ऊर्जा वाया जाते. अमेरिकेचा ऊर्जा विभाग हे नुकसान ३० टक्क्यांहूनही जास्त असू शकतं असं सांगतो.

हिवाळ्याचं गणित तुला सुखावेल. २ किलोवॉटचा रूम हीटर तासाला २ युनिट खातो आणि तेवढीच ऊब देतो. हा एसी उलट्या चक्राने बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. थंडी बेताची असेल तर १ युनिट विजेत ३ ते ४ युनिट ऊब मिळते. कडाक्याच्या थंडीत हे प्रमाण घसरतं, बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळवायला यंत्र मधूनमधून गरम करणं थांबवतं. तेव्हा बिघाड समजून घाबरू नका, वहिनींनाही सांगून ठेव.

तर आता असं कर. स्वस्तवाल्याला फोन करून चार गोष्टी लेखी माग: पाइप किती मीटर, जादा मीटरचा दर काय, व्हॅक्यूम पंप आणि दाबाचा मीटर आणणार का, आणि जोडणीची हमी किती वर्षांची. दिली उत्तरं तर त्यालाच काम दे, माझी हरकत नाही. टाळाटाळ केली तर दुसऱ्याला दे. गच्चीवरच्या जागेचे आणि मीटरबोर्डाचे फोटो मला पाठव, अर्थिंग बघायचंय. बसवण्याची तारीख ठरली की कळव, त्या दिवशी मी येतो. आणि तोवर आगाऊ पैसे देऊ नकोस.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र