तुझं नाव घालते आहे

चि. रेवती हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी म्हटलं, शेवटच्या आजारपणात मला कुठले उपचार नकोत ते आत्ताच लिहून ठेवते आणि त्यात तुझं नाव घालते, तर तू "आई, अभद्र बोलू नकोस" म्हणून फोन ठेवलास, तो ठेवलासच. म्हणून लिहिते आहे. कागदावर तरी मला मध्येच तोडता येणार नाही.

मला काही झालेलं नाही. साखर जरा वर, गुडघे होते तसेच. परवा सिद्धेश्वरला चालत जाऊन आले. हे आधीच सांगते, नाहीतर तू मंदारला कळवशील आणि तो टोरांटोहून रात्री दोनला फोन करेल.

तात्यांचं शेवटचं तू पाहिलं नाहीस, तुझी परीक्षा होती. नळ्या ओढतात म्हणून त्यांचे हात बँडेजच्या पट्टीने कॉटच्या दांडीला बांधले होते. जन्म मागावर गेलेला. शुद्ध नव्हती तरी बोटं चादरीचा काठ चाचपत होती. बाहेर काका आणि आत्या भांडत होते. एक म्हणे व्हेंटिलेटर काढा, एक म्हणे पैशाकडे बघता काय. डॉक्टरांनी विचारलं, त्यांची स्वतःची इच्छा काय होती? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्या दोघांचं अजून धड बोलणं नाही, तुझ्या लग्नात पाहिलंसच.

तू आणि मंदार तसे उभे राहाल, एवढीच धास्ती आहे.

आता नीट ऐक. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच उपचारांबद्दलच्या अशा इच्छापत्राला मान्यता दिली. तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, कोण जातंय! २०२३ मध्ये सोपं केलं. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. मला सांगता येत नसेल आणि बरं होण्याची आशाच नसेल, तर काय नको ते लिहायचं, आणि माझ्या वतीने कोण बोलणार तेही. पण त्या एकट्याच्या शब्दावर काही होत नाही. आधी डॉक्टरांचं एक मंडळ बघतं, मग दुसरं. दुखणं कमी करायची औषधं चालूच राहतात. माझं मन फिरलं तर कागदही बदलता येतो. म्हणजे पाप तुझ्या माथी येत नाही, कळलं?

झाली परत मास्तरीण सुरू. माफ कर गं.

तुझंच नाव का? गड्ड्याच्या जत्रेत मंदार हरवला तेव्हा मी रडत बसले होते, आणि आठवीतली तू थेट पोलिसांच्या मंडपात जाऊन माईकवरून त्याचं नाव पुकारायला लावलंस. मंदारसाहेब मौत का कुआँ बघत उभे! तेव्हापासून मला ठाऊक आहे, घरात डोकं कोणाचं शांत राहतं. तुझे बाबा त्या दिवसानंतर तुला फौजदारच म्हणायचे. आणि आता तूच फोन आपटतेस.

मंदार म्हणेल, काहीही करा पण आईला ठेवा. लांबच्या लेकराला तसंच वाटतं. त्याला मी सांगणार आहे, तरी तू आवाज चढवू नकोस. त्याच्याशी भांडू नकोस. हे मघाशी लिहिलं का? असू दे.

शेजारच्या गुंडेटीकाकू साक्षीदार व्हायला एका पायावर तयार आहेत, पेनसुद्धा स्वतःचं आणते म्हणाल्या. एक प्रत महापालिकेत द्यायची, एक आपल्या डॉक्टरांकडे, एक तुला.

आधारवर तुझं नाव माहेरचं आहे की सासरचं, तेवढं कळव. शेंगाचटणी हुतात्मा एक्सप्रेसने येणाऱ्या सुमनच्या मुलाबरोबर धाडली आहे. जावईबापूंचा डबा वेगळा, त्यात तिखट कमी आहे.

तुझी,
आई