अवघड इंग्रजी शब्द वाक्यासकट द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात रोज चौकटीत एक अवघड इंग्रजी शब्द आणि त्याचा मराठी अर्थ येतो, तो मी नेमाने वाचते, कात्रणं पण वहीत चिकटवलीत, त्यामुळे हे तक्रार म्हणून नाही तर आपुलकीने लिहितेय. नुसता अर्थ नका देऊ, शब्द वाक्यात वापरून दाखवा. अर्थ पाठ असूनही माणूस कसा तोंडघशी पडतो ते मी अनुभवलंय.

ऑफिसात एका सिनियर मॅडमचा निरोप समारंभ होता, भाषण माझ्याकडे होतं आणि त्यात मी ‘फुलसम प्रेज’ असा शब्द टाकला. अर्थ बघितला होता, भरपूर, भरभरून. कार्यक्रम झाल्यावर मॅडमनीच मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, अगं, हा शब्द आला की लोकांना वाटतं तोंडदेखलं कौतुक चाललंय, मस्का लावतेयस. भरभरून हा अर्थ डिक्शनरीत आहे, तोच जुना आहे, पण आज ऐकणाऱ्याच्या कानावर दुसराच पडतो. ज्यांना मी मनापासून मानते त्यांच्याबद्दलच असं बोलून बसले याचं मला अजून वाईट वाटतं.

आपल्या भाषेत हे आपल्याला न शिकवता कळतं. ‘पेव फुटलं’ म्हणजे पुष्कळ झाले एवढंच नाही, नको तितके झाले, बोलणाऱ्याला ते आवडलेलं नाही. चांगल्या डॉक्टरांचं पेव फुटलंय असं कोणी म्हणतं का? इंग्रजीतल्या ‘प्लेथोरा’ची मूळची छटा बरीचशी अशीच, पूर्वी तो वैद्यकातला शब्द होता, शरीरात रक्त जास्त होणं, आणि आपण मात्र तो कुठेही ‘खूप’ म्हणून ठोकून देतो. तसंच ‘डिसइंटरेस्टेड’. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा म्हणजे त्याचा निकालात स्वतःचा काही फायदा नसावा, त्याला कंटाळा आलेला असावा असं नाही! आणि ‘एनर्वेट’ ऐकायला एनर्जीसारखा वाटतो पण अर्थ आहे शक्ती काढून घेणं.

मग शब्दाच्या मागेपुढे काय येतं ते. ‘मिटिगेट अगेन्स्ट’ मी स्वतः कितीतरी रिपोर्टांत वाचलंय, खरं तर मिटिगेटला अगेन्स्ट लागतच नाही, मिटिगेट द रिस्क म्हणजे धोका कमी करणं, बस्स, अगेन्स्ट लागतो तो ‘मिलिटेट’ला आणि त्याचा अर्थ आड येणं. हे नुसत्या शब्द आणि अर्थाच्या यादीतून कसं कळणार?

ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, त्यांना हीच अडचण दिसली असणार, कारण त्यांनी सहकाऱ्यांबरोबर खास शिकणाऱ्यांसाठी जी डिक्शनरी केली तिच्यात क्रियापद वाक्यात कसं बसतं तेही दाखवलं. ती आधी 1942 मध्ये जपानमध्ये छापली गेली, मग 1948 मध्ये ऑक्सफर्डने काढली. आजही अशा डिक्शनऱ्यांत शब्दापुढे ‘फॉर्मल’, ‘नापसंतीदर्शक’ अशा खुणा असतात, मला वाटतं अर्थाआधी त्याच बघाव्यात.

तेव्हा विनंती एवढीच, चौकटीत शब्दाखाली एक पूर्ण वाक्य, सोबत कोणता प्रिपोझिशन लागतो ते, आणि शब्द कौतुकाचा आहे की नावं ठेवण्याचा तेवढं लिहा. जागा कमी पडत असेल तर रोजच्याऐवजी दिवसाआड द्या, चालेल.

आपली,
एक नियमित वाचक