चाचा, आमची गाडी आता सकाळीही सरळ उभी असते

आदरणीय चाचा,

सलाम.

नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं चाचा. वडाळा नाक्याकडच्या गॅरेजवाल्या गल्लीत सगळे लक्झरीवाले तुम्हाला याच नावाने हाक मारतात. पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. जुन्या बसचं फिरतं घर करून घेतलेली माणसं आता नाशकातही भेटायला लागलीत, आणि तुम्ही मला जे हाताला धरून शिकवलंत ते त्यांच्याही उपयोगाचं आहे.

आईच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला साध्या गाडीत फार वेळ बसवत नाही. आमच्या या जुन्या लक्झरीत मात्र ती आडवी पडून आरामात येते, कारण गाडी लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगवर नाही, हवेवर आहे. त्यामुळे रात्री नीट लावलेली गाडी सकाळी मागून डावीकडे बसलेली दिसायला लागली तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. त्याआधी एका वर्कशॉपने सहाच्या सहा बेलो, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या हवेच्या रबरी पिशव्या बदला, नाहीतर सरळ पाटे टाकून घ्या, असं सांगितलं होतं. बेलोंचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा, आणि पाटे टाकले असते तर आईचं हिंडणं-फिरणं तिथेच थांबलं असतं.

तुम्ही पाना हातात घ्यायच्या आधी प्रश्न विचारलेत. गाडी किती तासांत बसते? एकच बाजू की दोन्ही? इंजिन चालू केल्यावर किती वेळात उठते? मग मला बादलीत साबणाचं पाणी करायला लावलंत, दाट, फेसाळ. एअर टाकी पूर्ण भरून घेतलीत आणि एक जुना रंगाचा ब्रश माझ्याच हातात दिलात. बेलोच्या घड्या, वरची प्लेट, खालचा पिस्टन, सगळीकडे पाणी लावलं. कुठेच काही नाही. पुढे गाडीची उंची सांभाळणाऱ्या लेव्हलिंग वॉल्व्हकडून बेलोकडे जाणारी काळी नायलॉनची नळी जिथे चॅसिसच्या पट्टीला घासत होती, तिथे मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक यायला लागले. हात लावून कळलं नसतं, कानाला ऐकू आलं नसतं. तेवढा नळीचा तुकडा बदलला, घासण्याच्या जागी रबरी होज चढवून पक्की क्लिप मारली आणि काम झालं. तुम्ही सहा बेलो विकू शकला असतात, चाचा. तुम्ही घेतलेत ते नळीचे आणि क्लिपचे पैसे.

मी त्याहून जास्त ऋणी आहे ती पुढच्या रविवारांसाठी. "गाडी तुझी आहे बेटा, बघायचं तूच," असं म्हणून तुम्ही मला गाडीखाली नेलंत, पण त्याआधी तुमचा नियम पाठ करून घेतलात: "हवा पे भरोसा नहीं करने का." हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. नळी सुटली, बेलो फुटला, तर बॉडी क्षणात खाली येते आणि सरकायला वेळ मिळत नाही. चाकांना ठोकळे, चॅसिसखाली लोखंडी घोड्या, मगच आत. नळी सोडायची तर आधी त्या बाजूची हवा पूर्ण काढायची. नुसती बॉडी जॅकवर उचलून अ‍ॅक्सल लोंबकळत ठेवायचा नाही, त्याने बेलो गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. आणि हवा परत भरताना बेलोच्या घड्या सरळ बसल्यात हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडीचं वजन त्यावर सोडायचं नाही. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी हा परिच्छेद भिंतीवर लावावा, असं मला मनापासून वाटतं.

मी दाब विचारत होते, तुम्ही उंची मोजायला सांगितलीत. ते का, हे मला घरी आल्यावर नीट उमगलं. गाडीत पाण्याची टाकी भरली, माणसं बसली, की बेलोतला दाब वाढतो, पण उंची तीच राहायला हवी. लेव्हलिंग वॉल्व्हचं कामच ते. अ‍ॅक्सलला जोडलेला दांडा वर-खाली झाला की वॉल्व्ह हवा भरतो किंवा सोडतो. मग गाडीच्या पुस्तकातल्या मापाची सागवानी पट्टी तुम्ही कापून दिलीत, एका टोकाला लाल रंग लावून. सपाट जागी, हवेची टाकी पूर्ण भरल्यावर, अ‍ॅक्सल आणि चॅसिसमध्ये ती पट्टी अलगद बसली पाहिजे. ती आता ड्रायव्हरच्या सीटमागे टांगलेली असते.

आमच्या गाडीला बेलो सहा असून वॉल्व्ह तीनच का, हेही तुम्हीच सांगितलंत: पुढे एक, मागे दोन. तिवई कितीही खडबडीत जमिनीवर ठेवली तरी डगमगत नाही, चार पायांचं स्टूल डगमगतं. चार कोपऱ्यांना चार वॉल्व्ह दिले तर ते एकमेकांशी भांडत बसतील.

शॉकअपचंही तसंच. मला वाटायचं, शॉकअप फक्त हिसके खातो. तुम्ही दाखवलंत की गाडी खड्ड्यातून उसळते तेव्हा अ‍ॅक्सलला फार खाली जाण्यापासून तोच अडवतो. तो तुटला की पुढचा नंबर बेलोचा. रबर पुसायला डिझेल वापरू नकोस, साबण-पाणी पुरे, हे तर तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की आता मी इतरांना सांगते.

एअर टाकीखालचा नळ रोज सोडायची सवयही तुमचीच. कॉम्प्रेसरमधून गरम हवा येते, टाकीत गार होते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाला साचते. पावसाळ्यात इगतपुरीकडून आलो की नळातून चांगलंच पाणी पडतं. ते पाणी पुढे सरकलं तर वॉल्व्ह गंजतात, आणि आमच्या गाडीचे ब्रेकही त्याच हवेवर आहेत. पाण्याबरोबर तेलाचा तपकिरी चिकटा यायला लागला तर कॉम्प्रेसर बघायचा. ब्रेकच्या टाक्या आधी भरतात आणि मगच सस्पेन्शनला हवा सोडणारा एक वेगळा वॉल्व्ह असतो, हे कळल्यापासून बेलो गळला तर ब्रेकचं काय, ही माझी भीतीही गेली.

तुम्हाला अमेरिकेतल्या जीएमसी मोटारहोमचे फोटो दाखवले होते, आठवतं? १९७३ ते १९७८ या काळात बनलेल्या त्या गाड्या. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना, मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाकं, आणि त्या दोन चाकांना धरणाऱ्या दांड्यांमध्ये आडवी दाबलेली एकच हवेची पिशवी. पन्नास वर्षांच्या त्या गाड्या तिथले मालक अजून घरच्या घरी दुरुस्त करतात. तुम्ही चष्मा वर करून फोटो बराच वेळ बघितलात आणि विचारलंत, "दोन चाकांना एकच? फुटली तर अख्खी बाजू बसेल." तिथल्या मालकांनाही हीच काळजी असते, म्हणून काहींनी पुढे एका पिशवीच्या जागी दोन बसवून घेतल्या. गाडी न बघता तुम्ही दुखणं ओळखलंत. माझ्या मनातला तुमचा आदर त्या दिवशी दुप्पट झाला.

मागच्या महिन्यात आईला घेऊन दिंडोरीवरून वणीला गेलो. नांदुरीचा घाट ती पडून चढली, खिडकीतून बाहेर बघत, एकदाही कण्हली नाही. वर ट्रॉली असल्याने पायऱ्यांचा प्रश्न नव्हता. दर्शन झाल्यावर तिने तुमच्यासाठी पेढ्यांचा वेगळा पुडा बांधून घेतला, तो पोचला असेलच.

उजव्या वॉल्व्हच्या दांड्याची रबरी बुशं सैल झालीत. नवीन आणून ठेवलीत. येत्या रविवारी मी ती बसवणार आहे, घोड्या लावून, हवा काढून. तुम्ही फक्त खुर्ची टाकून बसा आणि बघा. चहा आई करणार आहे, तुमच्या पद्धतीचा, कमी दुधाचा.

तुमची,
हवेवरच्या गाडीवाली बेटी
मखमलाबाद, नाशिक