तुझे फोन मी का उचलले नाहीत

प्रिय ठोक्या,

रागावला असशील. असणारच. सात महिन्यांत तुझे अकरा फोन आले आणि मी एकही उचलला नाही. 'नंतर बोलतो' असं लिहून पाठवलं आणि ते नंतर काही उगवलं नाही. वहिनींनी तर आमच्या हिला विचारलंसुद्धा, की त्या अ‍ॅम्प्लिफायरवरून अजून धुसफूस चालू आहे का. नाही रे. अ‍ॅम्प्लिफायर तू खुशाल ठेव, माझ्यापुरता तो विषय केव्हाच मिटला. मला फोन सोसत नाही, हे खरं कारण. समोर बसून कोणी हळू बोललं तर अर्धा तास निभावतो, पण तोच आवाज फोनमधून आला की दोन मिनिटांत तापलेली सुई कानात घातल्यासारखी कळ येते. म्हणून कागद घेतला.

बाकी तब्येत ठीक. पाठ कुरकुरते, साखर ताब्यात आहे. धाकटी वीतभर उंच झाली.

आता आजच का लिहितोय ते सांगतो. परवा मी आपल्या बँडच्या तालमीच्या खोलीपर्यंत गेलो होतो. आत नाही गेलो. कानात फोमचे इअरप्लग, वरून इअरमफ, आणि बंद दाराबाहेर उभा. आत त्यांचं आपलं ते जुनंच चाललं होतं. ऐकू आलं असं म्हणवत नाही. पण मी दारावर तळहात टेकवला आणि बास हातातून कोपरापर्यंत चढला. मग ड्रम लागला. तुझ्या जागी आलेला पोरगा वळणावर घाई करतो, ठोक्या! चौथ्या ठोक्यावर जरा रेंगाळायचं, ते सोडून पुढे पळतो. दाराच्या फळीतून माझ्या हाताला ते कळलं. तू असतास तर काठी फेकून मारली असतीस. मी जिन्यात बसलो आणि रडलो, दुःखाने नाही. लय अजून आहे, ती कानातून गेली तरी हातात शिल्लक आहे, या आनंदाने. घरी काहीच बोललो नाही. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

झालं ते असं. मी वाकून वायर खोचत होतो, उजवा कान मॉनिटर स्पीकरपासून हातभर. लंब्या साउंड मिक्सरवर. त्याने माझा माइक वर केला आणि स्पीकरने शिट्टी धरली. दोन सेकंद, फार तर तीन. लंब्याने लगेच बंद केलं. दडा बसला, बारीक सूं सुरू झालं. असा दडा आपल्याला शंभरदा बसलाय आणि सकाळी सुटलाय, म्हणून मी तालीम पुरी केली. ती दोन तासांची तालीम पुढे रेटायला नको होती, हे आता कळतं. दडा चौथ्या दिवशी सुटला आणि त्याच दिवशी ठणका सुरू झाला.

ठणका म्हणजे कसा? ताटली ओट्यावर टेकली की कानात खोल एक सणक, मग ती गालाखालून जबड्याच्या बिजागरीपर्यंत उतरते आणि तिथे बसून राहते. चमचा ग्लासात फिरला की तेच. कागदी पिशवी चुरगाळली की तेच. खरा छळ मात्र वेगळाच आहे. पुष्कळदा कळ त्या वेळी येतच नाही, दुसऱ्या दिवशी येते. सकाळी कान ठणकत उठायचं आणि आठवत बसायचं, काल काय झालं होतं? दार आपटलं ते? हॉर्न वाजला तो? की आईशी जरा जास्त वेळ बोललो ते? चटका लगेच बसला तर माणूस हात मागे घेतो. इथे चटका उद्या बसणार, मग हात कशाकशापासून मागे घेऊ?

पहिल्या डॉक्टरांनी कानात बघितलं, पडदा शाबूत म्हणाले, तपासणी करायला लावली आणि रिपोर्ट नॉर्मल, टेन्शन घेऊ नका, असं सांगून पाठवलं. त्या रात्री मला जितकं एकटं वाटलं तितकं कधी वाटलं नव्हतं. त्या तपासणीत २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर वाजवतात आणि तुला हळूत हळू किती ऐकू येतं एवढंच बघतात. मला ऐकू येतंच आहे! दुखतं किती, हे त्यात कुठे येतं? दुसऱ्या ठिकाणी ऑडिओलॉजिस्ट बाई भेटल्या, त्यांनी उलटं मोजलं. आवाज हळूहळू चढवत नेला आणि नकोसा झाला की हात वर करा म्हणाल्या. साधारण माणूस १०० डेसिबलच्या आसपास हात वर करतो. माझा उजवा कान ७०ला. त्यांनी आकडा लिहिला आणि म्हणाल्या, "हे खरं आहे, याला नाव आहे, हायपरअ‍ॅक्युसिस." नुसत्या नावाने केवढा धीर येतो, बघ.

तुला यंत्र उघडून बघायची खोड, म्हणून जे समजलं ते लिहितो. शाळेत घोकलेली ती तीन हाडं, हातोडा, ऐरण, रिकीब, आठवतात? हातोड्याला एक इवलासा स्नायू आहे, तो दचकल्यावर ताणला जातो. त्याची नस जबड्याच्या स्नायूंचीच, म्हणून बहुधा माझा ठणका जबड्यात उतरतो. आवाजाचा धसका बसला की तो स्नायू आवाज यायच्या आधीच ताठरून बसतो असं बाई म्हणाल्या. आणि आणखी आत, त्या गोगलगायीसारख्या शंखात, केशपेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. तिथून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंपैकी शेकडा पाचच्या आसपास तंतू ऐकण्याच्या कामाचे दिसत नाहीत. २०१५मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत सापडलं, की केशपेशींना इजा झाली की हे तंतू जागे होतात, जणू कानाची स्वतःची दुखण्याची तार. माणसात तसंच चालतं हे अजून सिद्ध व्हायचंय. पण मी ते दोनदा वाचलं. माझा ठणका मनातून येत नाही, असं सांगणारं काहीतरी मला हवं होतं.

आता मुख्य काळजी. इअरप्लग घालायचे की काढायचे?

हसू नकोस. रात्र-रात्र हाच एक प्रश्न आहे. पहिले दोन महिने मी ते काढलेच नाहीत, झोपेतसुद्धा. आणि कान दिवसेंदिवस जास्तच नाजूक होत गेला. शेवटी स्वतःच्या चावण्याचा आवाज मोठा वाटायला लागला. बाईंनी सांगितलं, २००३ साली चांगल्या कानांच्या माणसांना दोन आठवडे इअरप्लग घालायला लावले होते आणि एवढ्यातच त्यांना आवाज पूर्वीपेक्षा मोठे वाटू लागले. ज्यांना तेवढेच दिवस मंद, एकसारखा आवाज ऐकवला, त्यांना उलट ते लहान वाटू लागले. बाहेरून कमी आलं की मेंदू आतली बटणं वर करतो. म्हणजे लंब्याने केलं तेच! पण ठोक्या, त्या माणसांच्या कानात ठणका नव्हता ना. मी हुरूप आणून एका आठवड्यात सगळं काढून टाकलं, बाजारातून फिरून आलो, आणि पुढचे नऊ दिवस अंधाऱ्या खोलीत उशी डोक्यावर घेऊन पडून होतो. म्हणजे जपलं तरी बिघडतं, नाही जपलं तरी बिघडतं. मग शहाणपणाचं जपणं कुठे संपतं आणि नुसती भीती कुठे सुरू होते? आत्ता शांत खोलीत लिहितोय, कान उघडे आहेत, आणि डावा हात मात्र पुन्हा पुन्हा खिशातल्या डबीकडे जातोय.

सध्या असं ठरलंय. घरात शांत असेल तेव्हा कान उघडे. मिक्सर, रस्ता, गर्दी असेल तर इअरप्लग, आणि तिथून निघालो की लगेच काढायचे. संध्याकाळी पावसासारखा एक आवाज लावतो, इतका हळू की पानाची सळसळही वरचढ व्हावी. दहा मिनिटांपासून सुरू केलं, आता पाऊण तास. वाढवायचं ते दुखलं नाही तरच, आणि दोन दिवस वाट बघून. जबडा सैल सोडायचा, दातावर दात ठेवायचा नाही. ताटल्यांमध्ये आम्ही फडकी घालतो. धाकटीने तर स्वतःच नियम काढलाय. काही आदळणार असेल तर आधी ओरडत नाही, समोर येऊन तीन बोटं दाखवते, मग दोन, मग एक, आणि मग खेळण्यांची पेटी उपडी करते. आणि खरंच, माहीत असलेला आवाज कमी टोचतो. तिला हे कोणी शिकवलं नाही.

आणि आता ते. तुला आठवतंय मी काय बोललो होतो ते. सगळ्यांसमोर. तू कानात कापूस घालून बसलास आणि मी म्हणालो, ज्याला कान बंद करून वाजवायचंय त्याने बँकेत नोकरी करावी. तू तेव्हा काही बोलला नाहीस, पुढच्या महिन्यात ते फिल्टरवाले इअरप्लग घेऊन आलास आणि मी त्यांनाही नावं ठेवली. अमेरिकेत कामगारांसाठी जे प्रमाण सांगतात ते ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं! आपण त्या खुराड्यात तीन-तीन तास बसायचो. तुझं बरोबर होतं, माझं चूक होतं, आणि हे सांगायला मला बारा वर्षं लागली. माफ कर.

लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये एक व्हायोलावादक होता, ख्रिस्तोफर गोल्डशायडर. २०१२मध्ये तालमीला त्याला तुतारीवाल्यांच्या अगदी पुढ्यात बसवलं आणि त्याचा कान असाच गेला. २०१८मध्ये कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पुढच्या वर्षी अपिलातही चूक ऑपेरा हाउसचीच ठरली. मी ते वाचलं आणि पहिला विचार लंब्याचा आला. त्या माणसाच्या मागे एक संस्था होती, नियम होते. माझ्या मागे लंब्या. त्याला कशातलंच काही माहीत नाही. दर रविवारी मेसेज करतो, 'कधी येतोस, तुझी खुर्ची कोणाला देत नाही.' मी लिहितो, कामात आहे. त्याचा हात बटणावर होता, हे त्याला कळलं तर तो आयुष्यात पुन्हा मिक्सरला हात लावणार नाही, तू ओळखतोस त्याला. आणि नाही सांगितलं तर तो समजेल की मी त्याला टाकलं. माझ्या मनात त्याच्याविषयी तिळभर राग नाही. हे त्याला कसं सांगू, तूच सुचव. परवा दाराबाहेर उभा होतो तेव्हा आत तो कोणाच्या तरी विनोदावर हसला असावा, दार हललं.

आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं, विचारायचं राहिलं, चालायला लागल्या का? नवी नोकरी मानवली का? पोराला ड्रम शिकवतोयस म्हणे. आधी त्याच्या कानाचं बघ, लहान मुलांसाठी वेगळे इअरमफ मिळतात, काठ्या नंतर घे. एवढं माझं ऐक.

आणि ये एकदा. फोन करू नकोस, बेल दाबू नकोस. खाली आलास की मेसेज टाक, मी दार उघडून उभा राहतो. बोलायचं कमी, पण टेबलावर बोटांनी ते वळण वाजवून दाखव, त्या पोराला जमत नाही ते. मी तळहात टेकवून बसेन.

तुझाच,
बासवाला