दादाने "थंय" (तिथे) म्हटलं की त्याला थंय पोचायला हवं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझा मोठा भाऊ 4 वर्षांपूर्वी घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन हापूसच्या कलमावर चढला आणि खाली आला तो मानेवर. तेव्हापासून हातपाय चालत नाहीत, मान वळते आणि आवाज अजून खणखणीत आहे. देवगड तालुक्यातली आमची वाडी, खोलीच्या खिडकीतून दोन माड आणि विहिरीचा कठडा दिसतो, एवढंच त्याचं जग.

भाच्याने फोन अडकवायचा व्हीआर चष्मा आणला, घातला की आपण चित्राच्या आतच आहोत असं वाटतं तो, गूगलने 2014 साली पुठ्ठ्याचा काढलेला ना, त्याच जातीचा. पण यातल्या पुष्कळ गोष्टींना बटण नाहीतर हातातला कंट्रोलर लागतो, दादाला त्याचा काय उपयोग? म्हणून त्याने आमच्याच अंगणाचं साधं थ्रीडी मॉडेल केलं आणि ते आवाजावर चालेल असं जोडलं, पुढे, मागे, डावीकडे, थांब.

पहिल्या दिवशी दादा "फुडे" म्हणाला तर काही हललं नाही, "पुढे" म्हटल्यावर चालायला लागलं, दादा हसला पण. मग विहीर जवळ आली तशी तो "रव, रव" करायला लागला, कारण जन्मभर तो रवच म्हणत आलाय, आणि फोनला रव माहीतच नाही. आम्ही ओरडलो थांब म्हण, त्याने म्हटलं, तरी आवाज नेटवरून कुठेतरी लांब जाणार, तिथे त्याचे शब्द होणार, मग ते परत येणार, आणि आमच्याकडे रेंज एक काडी. तेवढ्यात तो विहिरीच्या आरपार. डोळे सांगतात चाललोय, कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो पडून आहे, त्यामुळे गरगरतं, धडधाकट माणसाला पण होतं हे. पण धडधाकट माणूस चष्मा काढून टाकतो. दादा घामाघूम होऊन "चष्मो काढ, चष्मो काढ" म्हणत होता आणि त्याचे स्वतःचे हात चादरीवर तसेच पडलेले. मला ते विसरता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की थांबायचा शब्द फोनच्या आतच कळला पाहिजे, नेट असो नसो. पाचपंचवीस शब्द ओळखायला मोठा सर्व्हर लागत नाही, फोन तेवढं स्वतः करू शकतो. आणि कुठला आवाज आपला तेही कळायला हवं, आई पडवीतून वासराला "चल पुढे" म्हणाली की दादा इकडे चालायला लागतो, म्हणजे आधी एखादी हाक ठरवायला हवी, ती मारली तरच फोनने पुढचं ऐकायचं.

नंतर मे महिन्यात, पावसासाठी होड्या बंद व्हायच्या आधी, भाचा मालवणहून सिंधुदुर्गावर जाऊन चहूबाजूंचे 360 अंशातले फोटो काढून आला. दादा सातवीच्या सहलीला गेला होता तिथे. आता चालायचंच नाही, नाव घ्यायचं की त्या जागी, म्हणजे गरगरणं पुष्कळ कमी. किल्ल्यातल्या विहिरींची नावं घेतली तर फोन दहीबावला "दहा भाव" ऐकतो, साखरबावचं काय करतो ते तर विचारूच नका, ती नावं भाच्याने त्याला एकेक करून शिकवली. सगळ्यात चांगलं चाललं ते वेगळंच, चष्म्यात मधोमध एक ठिपका ठेवला, दादा मान वळवून तटाकडे बघतो आणि म्हणतो "थंय", की तटावर. ही कल्पना काही आजची नाही, अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत रिचर्ड बोल्टने 1980 साली असंच दाखवलं होतं, खुर्चीत बसून पडद्यावर बोट दाखवायचं आणि तोंडाने सांगायचं हे उचल, तिथे ठेव. इथे बोटाच्या जागी मान आली.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने आपले 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे आपल्या किनाऱ्याचे. त्यांचे व्हर्च्युअल दौरे कोणी करणार असेल, मग सरकार असो की खाजगी, तर आवाज पहिल्या दिवसापासून धरा, मागाहून चिकटवू नका, आणि पुढे बरोबर फुडे, थांब बरोबर रव पण घ्या. आणि वाचकांनी पण हातभार लावावा. मशीनला बोलणं कळावं म्हणून लोकांचे आवाज गोळा करतात, त्या मोझिला संस्थेच्या कॉमन व्हॉइस वेबसाइटवर आणि सरकारच्या भाषिणी प्रकल्पाच्या भाषादानात मराठी आवाज फोनवरूनच रेकॉर्ड करून देता येतो, समोर आलेलं वाक्य नुसतं वाचायचं. आमच्या घरातल्या चौघांनी दिलाय. आपल्याकडचे आवाज तिथे गेलेच नाहीत तर मशीनला आपला हेल कळणार कसा?

दादा परवा म्हणाला, "माका आता विजयदुर्गाक जावचा आसा." आमच्याच तालुक्यात आहे तो. पाऊस उघडला की भाचा फोटो काढायला जातोय.

— एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग