बदकाच्या अंड्यांबद्दल, सविस्तर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग भूक लागली. बदकाची सहा अंडी घरात येऊन पडलीत आणि "कोंबडीच्या अंड्यासारखीच उकडायची ना?" एवढं तू दोन ओळींत विचारलंस. दोन ओळींच्या प्रश्नाला दोन पानं उत्तर द्यायची माझी खोड तुला ठाऊक आहेच.

तर, नाही. तशीच नाही उकडायची. मीही आधी तेच समजून बसलो होतो. हाताच्या सवयीने आठ मिनिटांत अंडी काढली, सोलायला घेतली तर पांढरं बोटांत लिबलिबायला लागलं आणि बलक थेट मनगटापर्यंत ओघळला. दुसऱ्या खेपेला सूड उगवल्यासारखी पंचवीस मिनिटं खळाखळा उकळली. त्या दिवशी पांढऱ्याचं रबर झालं आणि बलकाभोवती हिरवट-काळं कडं आलं. अंडं नासलं समजून मी ते टाकूनही दिलं. पुढे कळलं की ते नुसतं जास्त शिजल्याचं लक्षण. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह उष्णतेने एकत्र येतं आणि तो रंग धरतो. खायला काही धोका नसतो. फुकट गेली माझी अंडी.

फरक कुठे पडतो बघ. कोंबडीचं अंडं साधारण ५० ग्रॅमचं, बदकाचं ७०च्या आसपास. कवच जाड, आतला पापुद्रा चिवट, आणि बलक ऐसपैस. उष्णता मध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तोवर बाहेरचं पांढरं कडक होऊ लागतं. दोघांचा मेळ घालायचा तर आच मध्यम हवी. पाण्याला आधी उकळी आण, अंडी चमच्याने अलगद सोड (वरून टाकू नकोस, तळाला आपटून तडकतात), मग आच उतरव. पाण्यात नुसते बारीक बुडबुडे येत राहिले पाहिजेत. तेव्हापासून १३ मिनिटं. अंडी फार मोठी असतील तर एखादं मिनिट जास्त. थंड पाण्यात घालून उकळायला ठेवलीस तर पापुद्रा पांढऱ्याला चिकटून बसतो आणि सोलताना अर्धं अंडं टरफलाबरोबर जातं. कालपरवा घातलेली अंडी असतील तर तसाही त्रास होतो. चार-सहा दिवस फ्रिजमध्ये मुरलेली अंडी मुकाट्याने सुटतात.

आणि हो, अर्धकच्च्या बलकाचा मोह इथे नको. बदकं ओल्या, चिखलाच्या जागी अंडी घालतात, त्यामुळे साल्मोनेला नावाच्या, पोट बिघडवणाऱ्या जंतूची भीती असते. बलक पूर्ण घट्ट होऊ दे, आणि कच्च्या अंड्याला हात लागला की साबणाने धू. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर यात अजिबात तडजोड नाही.

उकडून झाली की लगेच बर्फाच्या पाण्यात. दहा मिनिटं तिथेच राहू दे, मग जाड बाजूकडून फोड. तिथे हवेची पोकळी असते, नखाला आत शिरायला वाट मिळते.

आता मसाला. इथेच बहुतेक जण चुकतात. ओल्या, गुळगुळीत अंड्यावर कोरडं तिखट भुरभुरवतात. ते घसरून ताटलीत पडतं आणि जे चिकटतं ते कच्चं लागतं. तिखटाचा झणका पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून सोललेली अंडी आधी फडक्याने टिपून कोरडी कर. प्रत्येकाला सुरीने उभे तीन-चार चिरे दे, बलकाला जेमतेम टेकतील एवढेच. चिरे दिले नाहीस तर आत वाफ कोंडते आणि अंडं कढईत फुटून तेल अंगावर उडवतं. माझ्या डाव्या हातावर त्याची सही आहे.

कढईत चमचाभर तेल, मंद आच. पाव चमचा हळद, अर्धा चमचा तिखट, अर्धा चमचा जिरेपूड. मसाला पडला की बारीक फेस येतो. तो बसून तेल लाल दिसायला लागलं, वास खमंग आला, की लगेच अंडी आत. अजून दहा सेकंद थांबलास तर तिखट जळून घसा धरेल. कढई हलवत अंडी लोळव. चिऱ्यांच्या कडा उलगडतात, लाल तेल आत झिरपतं आणि पांढऱ्यावर ठिपक्याठिपक्यांचं खरपूस साल धरतं. दोन मिनिटांत उतरव. मग अर्धी काप आणि बलकावर भरड कुटलेली मिरी, मीठ, सगळ्यात शेवटी लिंबू. चिमूटभर काळं मीठही चालेल. त्याला मुळात उकडलेल्या अंड्याचाच वास, गंधकाचा, त्यामुळे भावाभावांसारखं जमतं. आमचूर आणि लिंबू दोन्ही मात्र घालू नकोस. दात आंबतील.

पौष्टिक आहे का, हे तू आता विचारशीलच. आहे. एका अंड्यात साधारण ९ ग्रॅम प्रथिनं, १३० कॅलरी, आणि दिवसभराला पुरून उरेल एवढं बी-१२. पण बलक मोठा म्हणजे कोलेस्टेरॉलही दांडगं, ६०० मिलिग्रॅमच्या वर, कोंबडीच्या अंड्याच्या तिप्पट. संध्याकाळी एक खा, पोट नीट भरतं. एका बैठकीत तीन चेपायची तुझी जुनी सवय इथे नको, आणि डॉक्टरांनी काही पथ्य सांगितलं असेल तर त्यांना विचारल्याशिवाय एकही नको. कोंबडीचं अंडं सोसत नसलेल्या पाहुण्यालाही हे देऊ नकोस, बदकाचंही बहुधा सोसणार नाही.

उरलेली उकडलेली अंडी न सोलता फ्रिजमध्ये ठेव, आठवड्याच्या आत संपव. टरफलावर पेन्सिलीने तारीख लिही. मी लिहिली नव्हती, मग उकडलेली कुठली आणि कच्ची कुठली ते कळेना. शेवटी एकेक अंडं ओट्यावर फिरवून बघितलं. उकडलेलं भोवऱ्यासारखं गरगरतं, कच्चं डुलत डुलत थांबतं. चौथं गरगरत थेट ओट्याखाली गेलं.

सहापैकी किती धड सोलली गेली ते कळव.

तुझा,
तोच जुना खादाड